ऊसतोडीचा हंगाम आणि गोवर: लसीकरण व स्थलांतर धरून साथीचं गणित शीटवर कसं मांडायचं

तालुक्याचं लसीकरण चांगलं, कारखाना परिसराचंही चांगलं, तरी कोप्यांमध्ये, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांमध्ये, गोवर फिरतो. हे कोडं सोडवायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट, तीन गट, प्रत्येकी पाच खाने आणि एक तारखेचा स्विच एवढ्यावर काम भागतं. या लेखात ती शीट पायरीपायरीने उभी केली आहे. लोकसंख्येचे आकडे सरावासाठी घेतलेले गोल आकडे आहेत, ते बदलून तुमचे भरा. गोवराचे मापदंड मात्र प्रचलितच आहेत.

उदाहरण असं. बीड जिल्ह्यातल्यासारखा एक तालुका, लोकसंख्या एक लाख. त्यातले ८०,००० बारमाही गावात राहतात. २०,००० जण दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडच्या दोन-तीन शेजारी कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. हे २०,००० म्हणजे सात हजार कोयते (एक कोयता म्हणजे तोडणी करणारं एक जोडपं), म्हणजे १४,००० मोठी माणसं आणि त्यांच्यासोबतची दहा वर्षांखालची ६,००० मुलं. कारखाना परिसरात स्थानिक एक लाख. एकूण दोन लाख.

आधी गोवराचे तीन आकडे

विषाणू शरीरात शिरल्यापासून दुसऱ्याला लागण देण्याची क्षमता येईपर्यंत साधारण १० दिवस जातात. या काळात मूल ठणठणीत दिसतं. त्यानंतर साधारण ८ दिवस ते लागण देतं: पुरळ उठण्याआधीचे चार आणि नंतरचे चार. तिसरा आकडा आर-नॉट, म्हणजे कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देईल तो. गोवरासाठी तो १२ ते १८ धरतात. आपण १५ घेऊ.

यावरून शीटचे दर निघतात:

सिग्मा (लागण झालेला दुसऱ्याला लागण देऊ लागण्याचा दर) = १ ÷ १० = ०.१ दर दिवशी
गॅमा (लागण देणं थांबण्याचा दर) = १ ÷ ८ = ०.१२५ दर दिवशी
बीटा (लागण देण्याचा दर) = १५ × ०.१२५ = १.८७५ दर दिवशी

साथ वाढू नये यासाठी १ − १/१५, म्हणजे ९३.३ टक्के लोक खरोखर सुरक्षित हवेत. नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला गोवर-रुबेलाचा पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांत काम करतो. ९३.३ ला ०.८५ ने भागलं तर येतात १०९.८ टक्के. म्हणजे एकाच डोसवर विसंबलं तर शंभरातली शंभर मुलं टोचूनही गणित जुळत नाही. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस म्हणूनच आहे. दोन डोसांचा परिणाम ९५ टक्के धरला तर ९८.२ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. इतक्या अरुंद जागेत खेळायचं असल्याने पुढचं सगळं बारकाईने करावं लागतं.

असुरक्षित किती, ते मोजणं

मॉडेलमध्ये सर्वांत महागात पडणारी चूक गणितात नसते, ती इथे असते. लसीकरणाची टक्केवारी थेट 'सुरक्षित' म्हणून भरली जाते. नोंदवलेल्या टक्केवारीच्या अंशात कारखान्यावर दिलेले डोस नसतात आणि छेदात कधी गेलेली कुटुंबं मोजलेली असतात, कधी नसतात. त्यामुळे एखाद्या उपकेंद्राची टक्केवारी शंभराच्या वर गेलेलीही दिसते. अशी टक्केवारी शीटमध्ये घालू नका, डोकी मोजा.

मजुरांच्या ६,००० मुलांचं वर्गीकरण असं करता येतं:

एकही डोस नाही: १,७००, त्यातली असुरक्षित १,७००
एकच डोस: १,८००, त्यातली १५ टक्के म्हणजे २७०
दोन्ही डोस: २,०००, त्यातली ५ टक्के म्हणजे १००
नऊ महिन्यांखालची: ५००, त्यातली अंदाजे ३३०

बेरीज २,४००. शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात आणि लस नवव्या महिन्यात मिळते, मधल्या फटीत बाळ उघडं पडतं. मुंबईत २०२२ मध्ये गोवंडी भागात साथ आली तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याचा निर्णय झाला तो याच फटीपायी. शून्य डोसांच्या मुलांपैकी ज्यांना गोवर होऊन गेला आहे ती वजा करायची, पण आईने 'गोवर आला होता' म्हटलं म्हणजे तो गोवरच होता असं नाही. अंगावर पुरळ आणणारे ताप बरेच आहेत.

२०,००० मध्ये २,४०० म्हणजे १२ टक्के. हा आकडा निव्वळ लस कमी पडल्याने मोठा झालेला नाही. टोळीबरोबर म्हातारी माणसं जात नाहीत, शाळकरी मुलं अनेकदा आजी-आजोबांकडे राहतात. मागे राहतात ते बहुतेक सुरक्षित, कोपीवर येतात ती तान्ही आणि लहान मुलं. लसीकरण अगदी गावाइतकंच असलं तरी कोप्यांवरचं असुरक्षितांचं प्रमाण गावापेक्षा जास्तच येईल.

माहिती गोळा करायची तर मुकादमांकडून टोळ्यांची यादी घ्या, त्यांतून चिठ्ठ्या टाकून ३० टोळ्या काढा आणि प्रत्येक टोळीत ७ मुलांची माता-बाल संरक्षण कार्डं पाहा. २१० मुलांवरून साधारण दहा टक्के अंकांच्या मागेपुढे अंदाज मिळतो. कार्ड गावी पेटीत राहिलेलं असतं ही नेहमीची अडचण. त्या गावच्या आशाताईंना फोन लावून रजिस्टर वाचून घेणं हाच खात्रीचा उपाय. कार्ड नाही म्हणजे डोस नाही असं लिहून मोकळं होऊ नका.

गावातल्या ८०,००० मध्ये असुरक्षित ५ टक्के (४,०००) आणि कारखान्याच्या स्थानिकांत ४ टक्के (४,०००) धरू.

सरासरी काय सांगते

त्या घडीचा आर म्हणजे आर-नॉट गुणिले असुरक्षितांचं प्रमाण. पावसाळ्यात सगळे गावी असताना तालुक्यात ६,४०० असुरक्षित, म्हणजे ६.४ टक्के. १५ × ०.०६४ = ०.९६. एकच्या खाली, म्हणजे साथ वाढणार नाही. हंगामात कारखाना परिसरात १,२०,००० मध्ये ६,४००, म्हणजे ५.३३ टक्के, आर ०.८०. तोही एकच्या खाली. अहवालात दोन्हीकडे हिरवा रंग.

हे दोन्ही आकडे एका गृहीतकावर उभे आहेत: कोपीवरचं मूल आणि गावातल्या बंगल्यातलं मूल एकमेकांना तितक्याच सहज भेटतात. तसं होत नाही हे उसाच्या फडावर एक चक्कर मारली तरी कळतं.

मिसळण्याचं प्रमाण घालणं

यासाठी एक मापदंड पुरतो, त्याला 'आपलेपणा' म्हणू. आपलेपणा ०.७ म्हणजे मुलाच्या भेटीगाठींतला ०.७ हिस्सा स्वतःच्या गटासाठी राखीव, उरलेला ०.३ परिसरातल्या सगळ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेला. हा आकडा हवेतून घ्यायचा नाही. चाळीसेक आयांना विचारा: काल दिवसभरात पोर कोणाकोणाबरोबर खेळलं, कोणाच्या कडेवर होतं, त्यातली टोळ्यांतली किती आणि बाहेरची किती? चार भेटींतल्या तीन आपल्याच लोकांतल्या निघाल्या तर आपल्यांचा वाटा ०.७५. परिसरात मजुरांचा लोकसंख्येतला वाटा १/६ म्हणजे ०.१६७. मग

आपलेपणा = (०.७५ − ०.१६७) ÷ (१ − ०.१६७) = ०.७

आता दोन गटांचा चौकोनी तक्ता मांडा; प्रत्येक जोडीत आधी लागण होणारा गट, मग ज्याच्याकडून लागण येते तो. स्थानिकांचा स्वतःचा आर ०.६ (१५ × ०.०४), मजुरांचा १.८ (१५ × ०.१२).

स्थानिक–स्थानिक: ०.६ × (०.७ + ०.३ × ०.८३३) = ०.५७
स्थानिक–मजूर: ०.६ × ०.३ × ०.१६७ = ०.०३
मजूर–स्थानिक: १.८ × ०.३ × ०.८३३ = ०.४५
मजूर–मजूर: १.८ × (०.७ + ०.३ × ०.१६७) = १.३५

एकत्रित आर म्हणजे या तक्त्याची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू, म्हणजे दोन्ही गट मिळून रुग्ण पिढीगणिक किती पटींनी बदलतात तो आकडा. दोन गटांसाठी ती एका ओळीत निघते. कर्णावरच्या दोन आकड्यांची बेरीज १.९२. कर्णांचा गुणाकार वजा उरलेल्या दोघांचा गुणाकार ०.७५६. मग

आर = (१.९२ + वर्गमूळ(१.९२ × १.९२ − ४ × ०.७५६)) ÷ २ = १.३७

माणसं तीच, लस तीच, असुरक्षित तितकेच. ०.८० चा आकडा १.३७ झाला तो फक्त कोण कोणाला भेटतं हे लिहिल्यामुळे. आपलेपणा ०.५ ठेवला तर आर १.१२, ०.९ ठेवला तर १.६५. बरोबर एक होतो तो ०.३८ पाशी. म्हणजे मजुरांची मुलं स्थानिकांत बऱ्यापैकी मिसळत असती तर स्थानिकांच्या प्रतिकारशक्तीने त्यांना सांभाळून घेतलं असतं. कोप्या गावाबाहेर असतात, म्हणून ती ढाल त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

स्थलांतर: माणसं हलवू नका, भेटी हलवा

स्थलांतराचं मॉडेल म्हटलं की पहिला विचार येतो तो दोन डब्यांचा आणि मधल्या नळीचा: गावच्या डब्यातून रोज अमुक टक्के लोक कारखान्याच्या डब्यात, हंगाम संपला की उलट. पुस्तकात हे नीटनेटकं दिसतं, इथे ते साफ चुकतं. कारखान्याच्या डब्यात पडलेला मजूर स्थानिकांत विरघळतो, त्याची ओळख पुसते. मार्चमध्ये परतीची नळी उघडली की त्या डब्यातून सरासरी माणूस बाहेर पडतो, आणि तुमची शीट कोल्हापूरच्या सुरक्षित स्थानिकांना उचलून बीडला पाठवते. असुरक्षित मुलं कारखान्यावरच राहतात. एकूण बेरीज जुळत असल्याने ही चूक ताळ्यात सापडतही नाही.

त्यापेक्षा मजुरांचा गट वर्षभर स्वतंत्र ठेवा. बदलायचं ते एवढंच की आज त्यांच्यातले किती जण कुठे आहेत. त्याला 'व' म्हणू: कारखान्यावर असलेल्या मजुरांचा हिस्सा. १५ ऑक्टोबरपर्यंत शून्य, १५ नोव्हेंबरला एक, मध्ये सरळ रेषेत चढ. १५ मार्चला उतरायला लागून १५ एप्रिलला पुन्हा शून्य. शीटमध्ये हे मिन आणि मॅक्स वापरून एका ओळीत बसतं:

व = मिन(१, मॅक्स(०, (तारीख − १५ ऑक्टोबर) ÷ ३१)) − मिन(१, मॅक्स(०, (तारीख − १५ मार्च) ÷ ३१))

वर्ष लिहिताना चूक होते: मार्च पुढच्या वर्षीचा हवा. तो चालू वर्षाचा राहिला तर 'व' सप्टेंबरमध्येच उणे एक दाखवतो.

शीट उभी करणं

पहिल्या शीटला 'मापदंड' नाव द्या. त्यात बीटा, सिग्मा, गॅमा, दोन आपलेपणा (हंगामातला ०.७, गावातला ०.३), लोकसंख्या, डोसांची तारीख आणि संख्या, लसीचा परिणाम आणि पायरीची लांबी ०.२५ दिवस. सूत्रांत आकडा थेट लिहू नका, सगळीकडे याच शीटकडे बोट दाखवा. आठवड्याने बीटा बदलायचा होईल तेव्हा १,४६० ओळींत तो शोधावा लागू नये.

१,४६० का? ३६५ दिवस गुणिले चार. दिवसाला चार ओळी. दिवसाला एकच ओळ ठेवून 'नवी लागण = बीटा × असुरक्षित × बाधितांचा हिस्सा' असं सरळ लिहिलं, तर एखाद्या गटात बाधितांचा हिस्सा ०.५३ च्या वर जाताच नवी लागण असुरक्षितांपेक्षा जास्त होते आणि खाना उणे जातो. छोट्या गटात हे खरंच घडतं. आणि एकदा उणे गेलेली शीट लगेच कोसळत नाही, पुढे काही ओळी खरी वाटावी अशी रेषा काढत राहते.

दुसऱ्या शीटमध्ये तारीख, 'व', आणि प्रत्येक गटाचे पाच खाने: असुरक्षित, टोचलेले, सुप्त (लागण झाली पण अजून देत नाहीत), बाधित (लागण देणारे), मुक्त (बरे झालेले आणि आधीच सुरक्षित असलेले). तीन गटांचे पंधरा रकाने. नंतर तीन रकाने लागणीच्या जोराचे, म्हणजे त्या गटातल्या एका असुरक्षिताला लागण होण्याच्या रोजच्या दराचे.

कारखान्यावर हजर बाधित = व × मजूर बाधित + स्थानिक बाधित. हजर लोक = व × २०,००० + १,००,०००. गावात हजर बाधित = (१ − व) × मजूर बाधित + गावकरी बाधित, हजर लोक त्याच पद्धतीने. आता

स्थानिकांवरचा जोर = बीटा × (०.७ × स्थानिक बाधित ÷ १,००,००० + ०.३ × कारखान्यावर हजर बाधित ÷ हजर लोक)

गावकऱ्यांवरचा जोर तसाच, ०.७ च्या जागी ०.३ आणि ०.३ च्या जागी ०.७. मजुरांवरचा जोर दोन तुकड्यांचा: 'व' गुणिले कारखान्यावरचा तुकडा, अधिक (१ − व) गुणिले गावचा तुकडा. प्रत्येक तुकड्यात स्वतःच्या गटाचा भाग 'मजूर बाधित ÷ २०,०००' असाच राहतो.

एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना:

नवी लागण = असुरक्षित × (१ − एक्स्प(−जोर × ०.२५))
सुप्तातून बाधित = सुप्त × (१ − एक्स्प(−सिग्मा × ०.२५))
बाधितातून मुक्त = बाधित × (१ − एक्स्प(−गॅमा × ०.२५))

एक्स्प वापरल्यामुळे कोणताही खाना उणे जाऊ शकत नाही. ०.२५ ने गुणायचं एका जागी विसरलं तर तो टप्पा जवळपास चौपट वेगाने चालतो; आलेख संशयास्पद लवकर उंचावला तर आधी हेच तपासा.

टोचलेल्या खान्याचं काम: डोस दिला त्या दिवशी मूल सुरक्षित होत नाही, दोनेक आठवडे जातात. डोस दिलेल्या असुरक्षित मुलांपैकी ८५ टक्के या खान्यात हलवा, १५ टक्के असुरक्षितातच राहू द्या. टोचलेल्यांनाही त्या काळात लागण होऊ शकते, त्यामुळे त्यांच्यावरही जोर लावा, आणि १४ दिवसांच्या सरासरीने त्यांना मुक्तात पाठवा. इथे एक पर्याय मोहात पाडतो: सगळ्यांना ८५ टक्के सुरक्षित धरून प्रत्येकावरचा जोर ०.१५ ने गुणायचा. गोवराच्या लसीचं वागणं तसं नाही. ती एखाद्या मुलात चालते किंवा चालत नाही. 'प्रत्येकात थोडी गळती' असं लिहिलंत तर मोठ्या साथीत टोचलेली मुलंही हळूहळू बाधित होत जातात आणि लस आहे त्यापेक्षा कुचकामी दिसते.

चालू करण्याआधी ताळा

तीन ताळे जुळल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका.

पहिला, पंधरा रकान्यांची बेरीज प्रत्येक ओळीत २,००,०००. दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत.

दुसरा, एकच गट घ्या, सगळे असुरक्षित, लस शून्य, बीटा ०.१८७५, म्हणजे आर १.५. दहा सुप्त टाकून चालवा. सुरुवातीच्या वाढीच्या काळात नव्या रुग्णांचा नॅचरल लॉग रोज ०.०२५ ने चढला पाहिजे, म्हणजे २८ दिवसांत दुप्पट. शेवटी एकूण ५८.३ टक्के लोक बाधित होऊन गेले पाहिजेत. दुप्पट चुकते आणि शेवट जुळतो तर चूक सुप्त काळात आहे. दोन्ही चुकले तर बीटा किंवा गॅमात. साथ पूर्ण ओसरायला इथे एक वर्ष अपुरं पडेल, ओळी वाढवा.

तिसरा, खरे आकडे भरा पण दोन्ही आपलेपणा शून्य करा. कारखान्यावर आर ०.८ आहे, त्यामुळे १५ नोव्हेंबरला टाकलेले रुग्ण विझत गेले पाहिजेत. वाढले तर लागणीच्या जोराच्या छेदात चुकीची लोकसंख्या आहे.

आता हंगाम चालवा

१५ नोव्हेंबरला मजुरांच्या सुप्त खान्यात ५ टाका. बाधितात टाकू नका. अंगावर पुरळ असलेलं पोर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोनशे-तीनशे किलोमीटर जायला आई कचरते, पण सुप्त मूल हसतखेळत जातं. प्रवास एक-दोन दिवसांचा आणि सुप्त काळ दहा दिवसांचा, त्यामुळे साथ नेतात ते हेच.

आर १.३७ ला दुप्पट होण्याचा काळ सुमारे ३७ दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चार महिन्यांत जेमतेम सव्वातीन दुप्पटी. पाचांचे चाळीसच्या घरात, सुप्त आणि बाधित मिळून. साथीचा डोंगर असा कुठे दिसतच नाही, दिसते ती हळू चढत जाणारी रेषा. आणि रेषा चढत असतानाच पट्टा पडतो. परतणाऱ्या टोळ्या ते निखारे गावी नेतात. तिथे आपलेपणा ०.३ धरला तर मजूर-गावकरी मिळून आर १.०५ येतो, सरासरीने दाखवलेला ०.९६ नव्हे. साथ पेटत नाही, पण विझतही नाही. 'कारखान्यावर मोठी साथ नव्हती, मग गावात मे महिन्यात गोवर कुठून आला?' याचं उत्तर या रेषेत आहे.

शीटच्या रकान्याची तुलना खऱ्या रुग्णयादीशी करायची तर दोन दुरुस्त्या करा. पुरळ बाधित झाल्यावर चार दिवसांनी उठतं, म्हणून 'सुप्तातून बाधित' हा रकाना १६ ओळी खाली सरकवा. आणि सगळे रुग्ण यादीत येत नाहीत, त्यामुळे नोंदीचं प्रमाण हा वेगळा मापदंड ठेवा. रेषा यादीला टेकवण्यासाठी बीटा कमी करू नका.

टेकवण्याच्या मोहाचं जुनं उदाहरण मुंबईचंच आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या निबंधात हे खान्यांचं गणित मांडलं (मॅकेंड्रिक त्याआधी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक होते) आणि नमुना म्हणून डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबईच्या प्लेगचे आठवड्याचे मृत्यू घेतले. ८९०, ०.२ आणि ३.४ या तीन आकड्यांची वक्ररेषा त्या मृत्यूंवर अप्रतिम बसली. पण तो प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता, आणि समीकरणात माणसाकडून माणसाकडे जाणारा आजार होता. रेषा बसली म्हणून यंत्रणा खरी ठरत नाही.

डोस कुठे, किती आणि कधी

शीटचा खरा उपयोग इथे. कारखाना परिसरातल्या स्थानिकांची सगळी ४,००० असुरक्षित मुलं एका रात्रीत सुरक्षित झाली असं समजा. तक्त्यातली वरची ओळ शून्य होते आणि आर उरतो १.३५. चार हजार मुलं सुरक्षित करून फरक ०.०२.

त्याऐवजी मजुरांकडे वळा. आर एकवर आणायला मजुरांतले असुरक्षित २,४०० वरून १,७३७ पर्यंत उतरायला हवेत, म्हणजे ६६३ मुलं खरोखर सुरक्षित. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ७८० डोस, तेही एकही डोस न मिळालेल्या १,७०० मुलांत. काठावर राहायचं नसेल आणि आर ०.८ हवा असेल तर १,२२० डोस. कार्ड न बघता नऊ महिन्यांवरच्या सगळ्यांना सरसकट टोचत गेलात तर आर एकवर आणण्यासाठीच दोन हजारांवर डोस लागतात, कारण बरेचसे आधीच सुरक्षित असलेल्या मुलांना जातात. तरीही वेळ थोडा असेल, कार्डं नसतील, तर सरसकट बरं. जादा डोसाने मुलाचं नुकसान होत नाही, शोधाशोधीत गेलेला आठवडा मात्र परत मिळत नाही.

वेळ घटस्थापनेच्या आधीची. दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात आणि लशीला दोन आठवडे हवेत, म्हणून सप्टेंबर संपेपर्यंत डोस व्हायला हवेत. शीटमध्ये डोसांची तारीख २० सप्टेंबर, १० ऑक्टोबर आणि ५ डिसेंबर अशी बदलून तीनदा चालवा. डिसेंबरचे डोसही वाया जात नाहीत हे दिसेल, कारण ३७ दिवसांच्या दुप्पटीत सुरुवातीचे आठवडे स्वस्त असतात.

दरवर्षी जन्म जोडायला विसरू नका. एक लाखाच्या तालुक्यात हजारी १५ जन्मदराने वर्षाला १,५०० बाळं. ८० टक्क्यांना दोन्ही डोस मिळाले आणि उरलेल्यांना एकही नाही असं धरलं तर ७६ टक्के सुरक्षित, ३६० नवी असुरक्षित मुलं. सरासरीचा आर ०.९६ वरून एका वर्षात १.०१. यंदाची निवांत शीट पुढच्या वर्षी तशीच उघडून वापरता येत नाही.

अर्धा रुग्ण

शीटमध्ये कधीतरी '०.४ बाधित' दिसेल. असं मूल नसतं, पण शीट त्या ०.४ पासूनही साथ उभी करते. संख्या लहान असते तेव्हा नशिबाचा वाटा मोठा असतो, म्हणून तिन्ही हालचाली फासे टाकून करा. एक्सेलमध्ये बायनॉम.इन्व्ह(खान्यातली संख्या, संभाव्यता, रँड()) हे सूत्र पूर्णांक देतं. खाना किंवा संभाव्यता शून्य असेल तिथे ते कुरकुर करतं, त्यामुळे बाहेरून इफ लावून शून्य लिहा. एकाच शीटची दोनशे वेळा गणना करून प्रत्येक वेळचा एकूण आकडा वेगळ्या रकान्यात जमवा. हे एक्सेलला जड जातं, पायथन येत असेल तर इथून पुढे ते बरं.

दोनशे निकालांचा आलेख दोन ढिगांत फुटलेला दिसेल. एक ढीग दोन-चार रुग्णांवर थांबलेल्यांचा, दुसरा पसरलेल्यांचा. दोघांची सरासरी काढलीत तर ती कोणत्याच ढिगात बसत नाही, म्हणून अहवालात सरासरी लिहू नका, ढिगांचं प्रमाण लिहा. ढोबळ पडताळा असा: एका आलेल्या रुग्णाने साथ धरण्याची शक्यता १ − १/१.३७, म्हणजे २७ टक्के. चारांतले जवळपास तीन आपोआप विझतात. पाच वेगवेगळ्या टोळ्यांतून पाच आले तर एकतरी धरण्याची शक्यता ७९ टक्के. मागच्या हंगामात एक रुग्ण येऊन काही झालं नाही, याचा अर्थ आर एकच्या खाली होता असा घेता येत नाही.

एक मर्यादा मात्र उरते. २०,००० मजूर हा एकच गट धरला आहे, प्रत्यक्षात ते शे-दोनशे माणसांच्या कोप्यांत विखुरलेले असतात. तीनशे माणसांच्या तळावर असुरक्षित मुलं ३६. ती आठ-दहा आठवड्यांत संपतात आणि पुढचा तळ लागायला आठवडी बाजार, वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग किंवा दवाखान्याची ओसरी लागते. त्यामुळे ही शीट तळातल्या तळात साथ खरोखरीपेक्षा संथ दाखवते आणि तळांमधली उडी खरोखरीपेक्षा सोपी. तळवार माहिती हाताशी असेल तर मजुरांचा एक गट फोडून तीन-चार करा. त्याहून जास्त केलेत तर प्रत्येक जोडीचा आपलेपणा कुठून आणणार हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे असतं.